'एएलके पॉझिटिव्ह' पुढची बारीक अक्षरं: जनुकं कशी जोडली गेली यावर गोळ्यांचा परिणाम कसा ठरतो

फुफ्फुसाच्या कॅन्सरचा मॉलिक्युलर रिपोर्ट हातात आला की नजर आधी एकच गोष्ट शोधते: पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. एएलके पॉझिटिव्ह आलं की घरच्यांना थोडं हायसं वाटतं, कारण केमोऐवजी गोळ्यांवर उपचार होऊ शकतात हे तोवर कानावर आलेलं असतं. ते खरंही आहे. पण त्याच रिपोर्टात खाली कुठेतरी 'ई१३;ए२०' किंवा 'ई६;ए२०' असं छापलेलं असतं, कधी 'इंटरजेनिक रिअरेंजमेंट' असा शेरा असतो, आणि तो भाग वाचायचा राहून जातो. गोळी लागू पडेल का, किती काळ पुरेल आणि ती थकली की पुढे काय करता येईल, याचे बरेच धागे त्या ओळींमध्ये असतात.

एएलके पॉझिटिव्ह म्हणजे एएलकेचं फ्युजन, म्हणजेच दुसऱ्या जनुकाशी झालेली जोडणी. ती कशी होते ते आधी पाहू. एएलके हे काइनेज प्रकारचं प्रथिन आहे, म्हणजे पेशीला 'वाढ' असा निरोप पोचवणारं. मोठ्या माणसाच्या निरोगी फुफ्फुसात ते जवळपास बंद असतं. एएलकेचं जनुक आणि ईएमएल४ नावाचं दुसरं जनुक ही दोन्ही दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर, त्याच्या एकाच भुजेवर आहेत. काही वेळा या दोन जनुकांमधला तुकडा दोन्ही बाजूंनी तुटतो, उलटा होतो आणि पुन्हा तिथेच चिकटतो. मग ईएमएल४चा सुरुवातीचा भाग एएलकेच्या शेवटच्या भागाला जोडला जातो. जपानमध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाने २००७ मध्ये हे जोडजनुक फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये दाखवलं, आणि २०११ मध्ये क्रिझोटिनिब या पहिल्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळालीसुद्धा. शोधापासून औषधापर्यंत इतका कमी काळ कॅन्सरमध्ये क्वचितच लागतो.

या जोडणीने दोन गोष्टी होतात. ईएमएल४चं जनुक पेशीत कायम चालू असतं, त्यामुळे त्याला चिकटलेलं एएलकेही सतत तयार होऊ लागतं. शिवाय ईएमएल४च्या सुरुवातीच्या टोकाला एक असा भाग आहे, जो आपल्यासारख्या इतर रेणूंना ओढून जवळ आणतो. एएलकेचे रेणू असे एकमेकांशेजारी आले की ते एकमेकांना चालू करतात. दिव्याचं बटण चालू अवस्थेतच अडकून बसावं, तशी ही स्थिती. गोळी काम करते ती एएलकेच्या काइनेज भागातल्या एका खाचेत बसून. पेशीतलं इंधन, म्हणजे एटीपी, याच खाचेत येतं. खाच अडली की निरोप थांबतो.

काइनेजचा हा भाग जनुकाच्या विसाव्या एक्झॉनपासून (एक्झॉन म्हणजे जनुकातला प्रथिन घडवणारा तुकडा) पुढे येतो आणि जवळजवळ प्रत्येक एएलके फ्युजनमध्ये तोच असतो. औषध बसण्याची जागा एकच, मग परिणाम वेगळे का? कारण फरक आहे तो दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे जोडीदारात: जोडीदार कोण, तो कुठे तुटला आणि जोडणी सरळ झाली की वेडीवाकडी.

ई१३ आणि ई६ मधला फरक

'ई१३;ए२०' म्हणजे ईएमएल४चे पहिले तेरा एक्झॉन आणि एएलकेचे विसाव्यापासून पुढचे. याला व्हेरियंट १ म्हणतात. 'ई६;ए२०' मध्ये ईएमएल४चे फक्त सहा एक्झॉन उरतात, तो व्हेरियंट ३. 'ई२०;ए२०' म्हणजे व्हेरियंट २. हे तिन्ही एकत्र धरले की बहुतांश रुग्ण त्यात येतात, आणि त्यातही १ आणि ३ हेच सर्वाधिक.

ईएमएल४च्या मधल्या भागात टेप डोमेन नावाची एक मोठी, नीट घडी पडलेली रचना असते. व्हेरियंट १ मध्ये ती मध्येच कापली जाते. अर्धवट कापलेली घडी नीट बसत नाही, प्रथिन अस्थिर होतं आणि टिकून राहण्यासाठी त्याला एचएसपी९० या सांभाळणाऱ्या प्रथिनाचा आधार घ्यावा लागतो. असं प्रथिन पेशी लवकर मोडीतही काढते. व्हेरियंट ३ मध्ये टेप डोमेन मुळातच येत नाही. बिघडायला घडीच नसल्यामुळे हे प्रथिन आखूड पण पक्कं राहतं, पेशीत साचतं आणि पेशीचा सांगाडा असलेल्या सूक्ष्मनलिकांना जाऊन चिकटतं. त्यामुळे पेशींची जागा सोडून फिरण्याची क्षमता वाढते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पेशींवरच्या प्रयोगांत व्हेरियंट ३ दाबायला औषधही जास्त लागतं.

रुग्णांमध्ये याचं प्रतिबिंब दिसतं, पण ते तितकं रेखीव नाही. व्हेरियंट ३ असलेल्यांमध्ये निदानाच्या वेळीच आजार जास्त ठिकाणी पसरलेला असणं आणि क्रिझोटिनिबसारख्या जुन्या गोळीवर तो लवकर पुन्हा वाढणं, हे अनेक अभ्यासांत आढळलं. काही अभ्यासांत मात्र हा फरक ठळकपणे निघाला नाही. म्हणून 'व्हेरियंट ३ म्हणजे वाईट' असं कोणी एका वाक्यात सांगितलं, तर ते अर्धवट आहे.

फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो औषध थकण्याच्या पद्धतीत. आजार पुन्हा वाढला की पेशींनी साधारण दोनपैकी एक वाट धरलेली असते. एक तर एएलकेच्या खाचेतच बदल करून गोळीला बसू न देणं, किंवा एएलकेला बाजूला ठेवून दुसऱ्या मार्गाने, उदाहरणार्थ मेट नावाच्या दुसऱ्या काइनेजमार्फत, निरोप चालू ठेवणं. व्हेरियंट ३ मध्ये पहिली वाट जास्त वेळा दिसते, आणि त्यातही जी१२०२आर हा बदल. १२०२ या जागी ग्लायसिन हे छोटं अमिनो आम्ल असतं, तिथे आर्जिनिन हे लांबलचक, विद्युतभारित अमिनो आम्ल येतं आणि खाचेच्या तोंडाशीच अडथळा उभा राहतो. क्रिझोटिनिब आणि त्यानंतर आलेल्या सेरिटिनिब, अलेक्टिनिब या गोळ्यांना तो पार करता येत नाही, ब्रिगाटिनिब या गोळीचा जोरही तिथे कमी पडतो. लोरलॅटिनिब या आणखी नव्या गोळीची रचना आटोपशीर, वलयाकार असल्यामुळे ती तिथे बसू शकते. त्यामुळे एक उलटंच चित्र दिसतं: जुन्या गोळ्यांनंतर लोरलॅटिनिब दिलं, तर व्हेरियंट ३ च्या रुग्णांना त्याचा फायदा व्हेरियंट १ पेक्षा जास्त काळ मिळाल्याचं आढळलं. तिथे आजार अजून एएलकेवरच अवलंबून होता, फक्त खाचेचं तोंड बदललं होतं.

मग पहिली गोळी व्हेरियंट पाहून ठरवायची का?

सध्या तरी केवळ व्हेरियंट पाहून ती बदलत नाहीत. यामागचं कारण साधं आहे: जोडीदाराचा फरक सगळ्यात मोठा दिसतो तो औषध कमजोर असताना. औषध जितकं प्रभावी, तितका तो फरक झाकला जातो. आकड्यांत पाहू. ॲलेक्स चाचणीत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ क्रिझोटिनिबवर १०.९ महिने होता, अलेक्टिनिबवर ३४.८ महिने. क्राउन चाचणीत पाच वर्षांनंतर आजार न वाढलेले रुग्ण लोरलॅटिनिबवर ६० टक्के होते, क्रिझोटिनिबवर ८ टक्के. या दोन चाचण्यांमधले रुग्ण वेगळे, पाहणीची पद्धत वेगळी, त्यामुळे एकीतला आकडा दुसरीतल्या आकड्याशेजारी ठेवून अलेक्टिनिब आणि लोरलॅटिनिबची तुलना करू नये. पण क्रिझोटिनिब मागे पडलं आहे, हे दोन्हीकडून पक्कं दिसतं, आणि ते सगळ्या व्हेरियंटना लागू आहे.

तरीही व्हेरियंट ३ सोबत टीपी५३ या पेशीची वाढ आवरणाऱ्या जनुकातही बिघाड असेल, तर तो रिपोर्ट गांभीर्यानेच घ्यायला हवा. ही जोडी असलेल्यांमध्ये आजार लवकर उसळतो. अशा वेळी बरेच तज्ज्ञ सुरुवातीलाच लोरलॅटिनिबकडे झुकतात, कारण क्राउनमध्ये या अवघड गटांतही त्याची सरशी टिकून राहिली, आणि मेंदूत ते चांगलं पोचतं. पाच वर्षांनी मेंदूतला आजार न वाढलेले रुग्ण त्यावर ९२ टक्के होते. पण या गोळीची किंमत शरीर मोजतं. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड बहुतेकांचे वाढतात, वजन वाढतं, पाय सुजतात, आणि काहींना विसराळूपणा, चिडचिड, उदासी, शब्द न आठवणं असे त्रास होतात. ज्याला आधीपासून नैराश्याचा आजार आहे, त्याच्यासाठी अलेक्टिनिबने सुरुवात करणं अधिक शहाणपणाचं ठरू शकतं. वर्तनातला बदल रुग्णाआधी घरच्यांच्या लक्षात येतो, म्हणून त्यांनी तो डॉक्टरांना न संकोचता सांगावा. डोस कमी केला की हा त्रास बऱ्याचदा ओसरतो.

एक गोष्ट व्हेरियंटशी संबंधित नाही, पण परिणामावर तिचा थेट ताबा असतो. अलेक्टिनिब ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि जेवणासोबतच घ्यायचं असतं. भरपूर स्निग्ध जेवणासोबत ते शरीरात जेवढं शोषलं जातं, त्याच्या साधारण एक तृतीयांशच उपाशीपोटी शोषलं जातं. लोरलॅटिनिब १०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, जेवणाशी संबंध नाही. पण क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन चालू असताना ते देऊच नये, यकृताला गंभीर इजा होते. ब्रिगाटिनिबचे पहिले ७ दिवस ९० मिलिग्रॅम आणि मग १८० मिलिग्रॅम. ही पायरी चुकवायची नाही, कारण पहिल्या काही दिवसांत काहींना अचानक धाप लागते.

रेट आणि रॉस-वन: जोडीदाराचा धडा इथेच नीट कळतो

रेट हेही एएलकेसारखंच काइनेज. त्याचं फ्युजन नॉन-स्मॉल-सेल या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात साधारण १ ते २ टक्के रुग्णांत असतं. सर्वाधिक दिसणारा जोडीदार केआयएफ५बी, त्याखालोखाल सीसीडीसी६. ही तिन्ही जनुकं दहाव्या गुणसूत्रावरच आहेत. रेटसाठी खास औषध नव्हतं तेव्हा व्हॅन्डेटॅनिब, कॅबोझॅन्टिनिब अशी अनेक लक्ष्यांवर थोडाथोडा मारा करणारी औषधं वापरून पाहिली गेली. व्हॅन्डेटॅनिबच्या एका छोट्या चाचणीत सीसीडीसी६ वाल्यांमध्ये गाठी आकसण्याचं प्रमाण केआयएफ५बी वाल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. मग २०२० मध्ये सेलपरकॅटिनिब आणि प्रॅल्सेटिनिब या फक्त रेटवर नेम धरणाऱ्या गोळ्या आल्या आणि जोडीदार कोणता यावरून पडणारा फरक जवळपास पुसला गेला. लिब्रेटो-४३१ चाचणीत सेलपरकॅटिनिबवर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ २४.८ महिने होता, केमोच्या गटात (त्यात बहुतेकांना सोबत इम्युनोथेरपीही होती) ११.२ महिने. आज रेट रिपोर्टमध्ये केआयएफ५बी दिसलं म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

रॉस-वन हेही काइनेजच, आणि त्याच्या फ्युजनचं प्रमाणही १ ते २ टक्केच. सीडी७४ हा त्याचा नेहमीचा जोडीदार पाचव्या गुणसूत्रावर, रॉस-वन सहाव्यावर. म्हणजे इथे दोन वेगळ्या गुणसूत्रांनी तुकडे बदललेले असतात. इझर आणि एसडीसी४ हे इतर जोडीदार. इथे पहिल्या गोळीची निवड जोडीदारावर नव्हे, तर मेंदूत आजार आहे का यावर जास्त ठरते, कारण क्रिझोटिनिब मेंदूत नीट पोचत नाही. एन्ट्रेक्टिनिब आणि रेपोट्रेक्टिनिब पोचतात. एएलकेमधल्या जी१२०२आर सारखाच इथे जी२०३२आर हा बदल येतो. तो क्रिझोटिनिब, एन्ट्रेक्टिनिब आणि लोरलॅटिनिब या तिन्हींना अडवतो. रेपोट्रेक्टिनिब मात्र त्यावर चालतं.

एनआरजी१चं फ्युजन या सगळ्यांपेक्षा निराळं. एनआरजी१ काइनेज नाहीच, तो पेशीबाहेरून हर३ या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक-प्रथिनाला जाऊन चिकटणारा निरोप्या आहे. त्यामुळे त्याच्या खाचेत बसणारी गोळी बनवायला खाचच नाही. इथे बाहेरून हर३ आणि त्याचं भावंड हर२ यांची जोडी अडवावी लागते, आणि त्यासाठीच्या झेनोक्युटुझुमॅब या अँटिबॉडीला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. श्लेष्म तयार करणाऱ्या ॲडेनोकार्सिनोमात (ग्रंथीसारख्या पेशींच्या कॅन्सरमध्ये) हे फ्युजन आवर्जून शोधावं.

जोडणी खरी आहे का, हे कोण सांगतं

गोळी अजिबात लागू न पडण्यामागे कधी कधी कारण असं निघतं की रिपोर्टात 'रिअरेंजमेंट' होती, पण पेशीत काम करणारं फ्युजन प्रथिन नव्हतं. हे कसं होतं ते कळण्यासाठी तीन चाचण्या नेमकं काय पाहतात हे माहीत हवं.

फिश या सूक्ष्मदर्शकाखालच्या चाचणीत एएलके जनुकाच्या दोन बाजूंना दोन रंगांचे चमकणारे ठिपके लावतात, सुरुवातीच्या बाजूला हिरवा आणि काइनेजच्या बाजूला लाल. जनुक अखंड असेल तर दोन्ही एकमेकांना चिकटून दिसतात. दोन ठिपक्यांच्या व्यासाइतकं किंवा त्याहून जास्त अंतर पडलं, किंवा नुसता लाल ठिपका सुटा दिसला, तर ती पेशी पॉझिटिव्ह धरतात. नुसता हिरवा सुटा असेल तर नाही, कारण तिथे काइनेजचा भागच गहाळ असतो. ५० पेशी मोजतात. २५ पेक्षा जास्त पॉझिटिव्ह निघाल्या तर निकाल पॉझिटिव्ह, ५ पेक्षा कमी तर निगेटिव्ह. मधल्या आकड्याला दुसरी व्यक्ती आणखी ५० मोजते आणि एकूण शंभरात १५ किंवा जास्त असतील तर पॉझिटिव्ह. म्हणजे १४ आणि १६ टक्क्यांमध्ये जीवशास्त्राचा फारसा फरक नाही, पण रिपोर्ट उलटा होतो. जोडीदार कोण, व्हेरियंट कोणता, हे फिश सांगत नाही. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेल्या जनुकांची उलथापालथ झाली, तर ठिपके पुरेसे दूरही जात नाहीत. रेटच्या बाबतीत काही जोडीदार असे निसटतात.

आयएचसी, म्हणजे प्रथिन रंगवून पाहण्याच्या चाचणीत, डी५एफ३ सारखी अँटिबॉडी वापरून एएलके प्रथिन प्रत्यक्ष तयार होतंय का, हे पाहतात. निरोगी फुफ्फुसात ते नसतंच, त्यामुळे गडद रंग आला की निकाल भरवशाचा. रॉस-वनसाठी मात्र आयएचसी ही फक्त चाळणी आहे, पुढे खात्री करावीच लागते. फिश पॉझिटिव्ह आणि आयएचसी निगेटिव्ह असा विसंवाद दिसला तर तो तसाच सोडू नये. अशा रुग्णांमध्ये गोळीला प्रतिसाद कमी मिळतो.

एनजीएस, म्हणजे एकाच वेळी अनेक जनुकांचा क्रम वाचणारी चाचणी, दोन प्रकारची असते आणि रिपोर्टात कोणतं केलं हे पाहायला हवं. डीएनएवरचं एनजीएस तुटल्याची जागा शोधते. ती जागा जनुकांच्या अधल्यामधल्या ओसाड भागात असेल तर रिपोर्ट 'इंटरजेनिक' म्हणतो. एनटीआरकेसारख्या जनुकांचे इंट्रॉन (एक्झॉनांच्या मधले तुकडे) इतके लांब आहेत की चाचणीचं पॅनेल ते पूर्ण वाचतच नाही आणि फ्युजन सुटतं. आरएनएवरचं एनजीएस मात्र पेशीने शेवटी कोणता संदेश लिहिला ते वाचतं. डीएनएत अनोळखी, वेडावाकडा जोडीदार दिसला तरी आरएनएत नेहमीचंच ईएमएल४-एएलके निघालेलं अनेकदा आढळतं, आणि तेव्हा गोळी नेहमीसारखीच काम करते. उलट, आरएनएत काइनेज शाबूत असलेलं, वाचनाची चौकट जुळलेलं (म्हणजे ज्यापासून अखंड प्रथिन बनू शकतं असं) फ्युजन मिळालंच नाही, तर गोळीवर भिस्त ठेवण्याआधी पुन्हा विचार हवा. मुख्य फ्युजनसोबत उलट बाजूचा तुकडाही दुसरीकडे जाऊन जोडला गेला असेल, तर क्रिझोटिनिबवरचा काळ कमी राहिल्याचं आणि मेंदूत पसरलेला आजार जास्त आढळल्याचं दिसलं आहे. एकाच जागी गुणसूत्राचे खूप तुकडे झाल्याची ती खूण असू शकते.

आरएनए नाजूक असतं. नमुना फॉर्मॅलिनमध्ये ६ तासांपेक्षा कमी किंवा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, नमुन्याचा मेणाचा ब्लॉक बरीच वर्षं जुना असला, किंवा हाडातला नमुना तीव्र आम्लाने मऊ केला, की आरएनए मोडतं. हाडाचा नमुना असेल तर ईडीटीए हे सौम्य रसायन वापरून मऊ करायला आधीच सांगावं. तुकड्यात कॅन्सरच्या पेशी साधारण २० टक्के तरी हव्यात. 'आरएनए अपुरं' असा शेरा म्हणजे निगेटिव्ह नव्हे, ती चाचणी झालेलीच नाही. रक्तातून केलेली लिक्विड बायोप्सी पॉझिटिव्ह आली तर वापरता येते, पण फ्युजन शोधण्यात ती छोट्या बदलांपेक्षा जास्त चुकते. तिच्या निगेटिव्हवर थांबू नये.

रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि या काळात घाईने इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणारं औषध) सुरू करणं हे टाळण्यासारखं नुकसान आहे. एएलके फ्युजन असलेल्या कॅन्सरवर नुसत्या इम्युनोथेरपीचा उपयोग जवळपास होत नाही, आणि तिचा असर महिनोन् महिने शरीरात राहत असल्याने नंतर क्रिझोटिनिबसारखी गोळी दिली तर यकृताला सूज येण्याचा धोका वाढतो. थांबणं शक्यच नसेल तर पहिलं आवर्तन फक्त केमोचं द्यावं.

आजार पुन्हा वाढला तर

एकाच जागी वाढला असेल तर तेवढ्या जागेवर रेडिएशन देऊन तीच गोळी चालू ठेवतात. अनेक ठिकाणी वाढला असेल तर पुन्हा बायोप्सी करावी, आणि जिथे वाढ झाली तिथलीच. व्हेरियंट तोच राहतो, तो पुन्हा तपासून काही नवं कळत नाही. शोधायचं असतं ते खाचेतले नवे बदल, मेट जनुकाच्या प्रतींची वाढलेली संख्या आणि स्मॉल-सेल प्रकारात झालेलं रूपांतर. या तिन्हींची पुढची वाट पूर्ण वेगळी आहे.

२०१६ मध्ये नोंदवलेल्या एका रुग्णाचं उदाहरण इथे लागू पडतं. क्रिझोटिनिबनंतर सी११५६वाय हा बदल आला आणि ते थकलं. लोरलॅटिनिबने आजार पुन्हा आटोक्यात आला, आणि मग त्यालाही दाद न देणारा एल११९८एफ हा दुसरा बदल त्याच रेणूत वाढला. पण या दुसऱ्या बदलाने खाच अशी वळली की आधी निकामी झालेलं क्रिझोटिनिब तिथे पुन्हा घट्ट बसू लागलं. ते परत सुरू केलं आणि आजार पुन्हा ओसरला. नव्याने बायोप्सी केली नसती, तर एकदा बाद झालेल्या गोळीकडे परत जाण्याचं कारण कोणालाच दिसलं नसतं.